रिकामी रॅम काय कामाची?

‘लॅपटॉपवर एकही प्रोग्रॅम उघडलेला नाही, तरी 8 जीबीपैकी ‘फ्री’ जेमतेम दोनशे एमबी! बाकीची रॅम खातं कोण?’ असं एका वाचकाने विचारलं आहे.

थोडी खरोखरच खर्ची पडते: ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, ड्रायव्हर, अँटिव्हायरस वगैरे. उरलेली बरीचशी मात्र सिस्टिमने आपणहून भरलेली असते. किराणा दुकानदार रोज खपणारा माल माळ्यावर टाकत नाही, गल्ल्याजवळ ठेवतो. तशा नुकत्याच वाचलेल्या फाइली ती रॅममध्ये राहू देते. फिरत्या हार्ड डिस्कवरून काही आणायला दहाएक मिलिसेकंद लागतात, रॅममधून सुमारे शंभर नॅनोसेकंद. लाखपट फरक! 2007 साली घरोघरी आलेल्या विंडोज व्हिस्टातलं सुपरफेच तर तुमच्या सवयी हेरून, न मागताच प्रोग्रॅम आणून ठेवायचं. या फाइलींची मूळ प्रत डिस्कवर असतेच. दुसऱ्या कुणाला जागा लागली की रॅममधली प्रत तत्काळ टाकून देता येते.

बरं, रॅम रिकामी ठेवून वीजही वाचत नाही. आपली नेहमीची रॅम म्हणजे रॉबर्ट डेनार्ड या संशोधकाने शोधलेली डीरॅम; तिच्यातला प्रत्येक बिट म्हणजे एक गळका कपॅसिटर. साधारण दर 64 मिलिसेकंदांनी त्याला पुन्हा भरावं लागतं, मग आत तुमचे फोटो असोत की निव्वळ कचरा.

पण ‘रॅम संपली’ या धास्तीवर धंदा जुनाच आहे. 1995 मध्ये सिंक्रोनिस या अमेरिकी कंपनीने ‘सॉफ्टरॅम 95’ आणलं. सॉफ्टवेअर टाका, कॉम्प्रेशनने (माहिती दाबून बसवून) रॅम दुप्पट करा! लाखो प्रती खपल्या. जाणकारांनी आतला कोड उकलून पाहिला तेव्हा कळलं की ज्या कॉम्प्रेशनचा एवढा गाजावाजा, ते होतच नव्हतं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला चाप लावला. (फुगवलेला आकडा दाखवायचं काम मात्र सॉफ्टरॅम चोख करायचं!)

आजचे ‘रॅम क्लीनर’ त्याच घराण्यातले. ते हाताशी ठेवलेलं सगळं हुसकावून लावतात, आकडा छान दिसतो, आणि पुढच्या क्लिकला तेच सगळं डिस्कवरून पुन्हा आणावं लागतं.

तेव्हा ‘फ्री’ सोडा, टास्क मॅनेजरमधला ‘अव्हेलेबल’ हा आकडा बघा. लिनक्सवाल्यांना ‘फ्री’ कमांडमध्ये ‘अव्हेलेबल’ नावाचाच रकाना मिळेल. तोही सतत तळाला असेल आणि मशीन अडखळत असेल, तर रॅम वाढवून घ्या. क्लीनर मात्र आजच काढून टाका.