सही करावी, की लढावं?

हंटिंग्टन हे अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातलं, ओहायो नदीकाठचं शहर. वस्ती पन्नास हजारांच्या आतली. 15 ऑगस्ट 2016 रोजी अवघ्या काही तासांत तिथे वीसहून अधिक माणसं हेरॉइनच्या अतिमात्रेने कोसळली. कुणी घरात, कुणी गाडीत. नाकात नॅलोक्सोन या उताऱ्याच्या औषधाचा फवारा मारायचा, श्वास परत येतोय का पाहायचं आणि पुढच्या पत्त्यावर धावायचं, एवढंच त्या दिवशी बचाव पथकांच्या हातात होतं.

ते हेरॉइन होतं. मग औषध कंपन्यांचा त्यात काय दोष, हा प्रश्न कंपन्यांच्या वकिलांनीही पुढे विचारलाच. उत्तरासाठी वीस वर्षं मागे जावं लागतं. 1996 मध्ये पर्ड्यू फार्माने ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणलं. हेरॉइनच्याच कुळातल्या या वेदनाशामकाचं व्यसन एक टक्क्याहून कमी रुग्णांना लागतं, असं कंपनीचे प्रतिनिधी डॉक्टरांना पटवत फिरले. दिशाभूल केल्याचा गुन्हा कंपनीने 2007 मध्ये कबूल केला, दंड भरला आणि विक्री चालू ठेवली. 2010 मध्ये गोळी सहज कुटता येऊ नये म्हणून तिची घडण बदलली. तोवर ज्यांना सवय लागली होती, त्यातले बरेच जण स्वस्त हेरॉइनकडे वळले. त्यामागोमाग हेरॉइनहून जहाल फेंटानिल आलं.

गोळ्या मात्र आपोआप गावोगाव पोचल्या नव्हत्या. घाऊक वितरकांनी त्या पोचवल्या. संशयास्पद मागणी दिसली की ती कळवायची, हे अमेरिकी कायद्याने वितरकाचं कर्तव्य आहे. तरीही वेस्ट व्हर्जिनियातल्याच जेमतेम चारशे वस्तीच्या केरमिट गावातल्या एका औषध दुकानात दोन वर्षांत जवळपास 90 लाख गोळ्या आल्या. राज्याची राजधानी चार्ल्स्टनच्या स्थानिक वृत्तपत्राचे बातमीदार एरिक आयर यांनी हे आकडे खणून काढले आणि त्यांना 2017 चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. हंटिंग्टन ज्या कॅबेल काउंटीत आहे, तिची लोकसंख्या लाखाच्या आत. आठ वर्षांत तिथे गोळ्या उतरल्या 8 कोटी 10 लाख.

शहरांनी दाव्यांसाठी जुनंच हत्यार काढलं, 'सार्वजनिक उपद्रव'. नदीत घाण सोडणाऱ्या कारखान्यावर जसा दावा लावतात, तसा. निस्तरण्याचा खर्च तुम्ही द्या, एवढं मागणं. तीन हजारांहून अधिक दावे क्लीव्हलँडच्या संघीय न्यायालयात न्यायाधीश डॅन पोल्स्टर यांच्यापुढे एकत्र आले. त्यांनी सुरुवातीपासून तडजोडीचा आग्रह धरला. 21 जुलै 2021 रोजी ती जाहीर झाली: मॅकेसन, कार्डिनल आणि अमेरिसोर्सबर्गन हे तीन वितरक 18 वर्षांत 21 अब्ज डॉलर देणार, औषध उत्पादक जॉन्सन अँड जॉन्सन 5 अब्ज.

इथून खरी गंमत सुरू होते. ही रक्कम कमाल होती. राज्याला पूर्ण वाटा हवा, तर त्याच्या हद्दीतल्या पुरेशा शहरांनी आणि काउंट्यांनी सह्या करायला हव्यात. सह्या कमी पडल्या तर वाटा कमी. कंपन्यांना 'यापुढे दावा नाही' ही हमी विकत घ्यायची होती आणि ती गोळा करायचं काम त्यांनी मोठ्या चलाखीने राज्यांच्याच गळ्यात घातलं. शहराच्या कायदा विभागापुढे कागद आला तेव्हा सोबत राज्याचा दबावही आला. करारात दोषाची कबुली नव्हती. फिलाडेल्फियाचे जिल्हा अभियोक्ता लॅरी क्रॅस्नर यांनी तर आपला दावा राज्याने परस्पर विकू नये म्हणून स्वतःच्याच राज्याच्या महाधिवक्त्यांना न्यायालयात खेचलं. शेवटी तेही शहर सामील झालं.

हंटिंग्टन झालं नाही. त्याच्या राज्याने याच वितरकांशी आधी स्वतंत्रपणे, तिघांचे मिळून साडेसात कोटी डॉलरच्या आत मिटवलं होतं, त्यामुळे राष्ट्रीय समझोत्यात ते राज्य नव्हतंच. शहर आणि काउंटी 2021 च्या मे महिन्यात उभी राहिली ती थेट न्यायाधीशांपुढे. साक्षी झाल्या, अंतर्गत ईमेल वाचले गेले. अमेरिसोर्सबर्गनच्या अधिकाऱ्यांनी ॲपालेशिया या डोंगराळ भागातल्या व्यसनी लोकांना 'पिलबिलीज' (गावंढळ अशा अर्थाच्या 'हिलबिली' शब्दावरची कोटी) म्हणत आपसात फिरवलेलं विडंबनगीतही त्यात निघालं. तडजोड झाली असती, तर हे असं भर न्यायालयात ऐकायला मिळालं नसतं. पण 4 जुलै 2022 रोजी न्यायाधीश डेव्हिड फेबर यांनी निकाल दिला: डॉक्टरांनी लिहिलेली औषधं वितरकांनी पोचवली, हा उपद्रव नव्हे. मागितले होते अडीच अब्ज, हाती भोपळा. महिन्याभरात राज्यातल्या शंभराहून अधिक उरलेल्या शहरांनी आणि काउंट्यांनी त्याच तीन वितरकांशी 40 कोटी डॉलरवर मिटवून टाकलं.

बाल्टिमोर शहराचा खेळ अधिक धाडसी. राष्ट्रीय समझोता नाकारून त्याने ॲलर्गन, कार्डिनल, सीव्हीएस, टेव्हा, वॉलग्रीन्स अशा एकेका कंपनीला बाजूला घेतलं आणि खटला उभा राहीपर्यंत 40 कोटींहून अधिक डॉलर पदरात पाडले. उरलेल्या दोन वितरकांविरुद्ध नोव्हेंबर 2024 मध्ये ज्यूरीने 26 कोटी 60 लाखांचा निवाडा दिला. जल्लोष झाला. पुढच्या जूनमध्ये न्यायाधीशांनी सांगितलं, सुमारे 5 कोटी 20 लाख घ्या, नाहीतर खटला पुन्हा चालवा. त्याशिवाय मागितलेला पुढचा निवारण-खर्चही नाकारला. मोठ्या शहराला महागडे वकील आणि सहा-सात वर्षांची वाट परवडते. माझ्या मते लहान गावाने सहीच करावी. मात्र सहीआधी दोन गोष्टी मागाव्यात: कंपनीची कागदपत्रं खुली व्हावीत आणि आलेल्या पैशाचा हिशेब दरवर्षी चावडीवर मांडला जावा.

कारण पैसा आल्यावरची कथा फारशी शोभादायक नाही. तंबाखू कंपन्यांशी 1998 मध्ये झालेल्या समझोत्याचे पैसे राज्यांनी रस्ते आणि अंदाजपत्रकातली भोकं बुजवायला वापरले, हा अनुभव ताजा होता. म्हणून या वेळी किमान 85 टक्के रक्कम व्यसनाच्या निवारणावरच, अशी अट घातली. तरी टेनेसीतल्या ग्रीन काउंटीने आलेल्या 27 लाखांपैकी 24 लाखांहून अधिक डॉलर जुनं कर्ज फेडण्यात घातले. न्यू जर्सीतल्या अर्विंग्टनने जनजागृतीच्या नावाखाली दोन संगीत-जलसे भरवले, खर्च 6 लाख 32 हजार डॉलर. राज्याच्या तपासणी अहवालात पाहुण्यांचे आलिशान ट्रेलर, पॉपकॉर्न आणि म्हातारीचे केस बनवायची यंत्रं अशा बाबी आहेत. नगराध्यक्षांनी समर्थनच केलं. तेवढ्या पैशात नॅलोक्सोनच्या किती कुप्या आल्या असत्या, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

या कागदांवर आपल्याकडची नावंही आहेत. जुलै 2025 मध्ये आठ जेनेरिक उत्पादकांनी अमेरिकी राज्यांशी 72 कोटी डॉलरचा समझोता केला. त्यात मुंबईत गोरेगावला मुख्यालय असलेल्या सन फार्माचे सुमारे 3 कोटी 10 लाख आणि अहमदाबादच्या झायडसचे दीड कोटींच्या आसपास. त्याच वर्षी फेब्रुवारीत बीबीसीने दाखवलं, की पालघरच्या एका कारखान्यातून टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉलच्या मिश्र गोळ्या घाना, नायजेरियाकडे जात होत्या. केंद्राने त्या मिश्रणाच्या उत्पादन-निर्यातीची परवानगी काढून घेतली. पश्चिम आफ्रिकेतल्या शहरांसमोर मात्र सही करायला कुणी कागद ठेवलेला नाही.

हंटिंग्टनचं पुढे काय झालं? ऑक्टोबर 2025 मध्ये अपील न्यायालयाने फेबर यांचा निकाल फिरवला आणि दावा पुन्हा सुनावणीला पाठवला. ज्यांनी 2021 च्या करारावर सही केली, त्यांना वितरकांचा शेवटचा हप्ता 2038 मध्ये मिळायचा आहे.