रझाकाराच्या वर्षी जन्मलेला मेंदू

हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्याच्या माझ्या मावशीचा पहिला एमआरआय रिपोर्ट मी अजून जपून ठेवला आहे. दीड पानाच्या इंग्रजी मजकुराच्या शेवटी एक ओळ होती: ‘एज रिलेटेड सेरेब्रल ॲट्रोफी’. म्हणजे वयोमानानुसार मेंदू आकसला आहे. त्या ओळीनं घर निर्धास्त झालं. म्हातारपणी विसरायला होणारच, असं म्हणत एक वर्ष गेलं. वाळलेलं हळकुंड मोडून त्याच्या आवाजावरून मालाची पारख करणारी माझी मावशी त्या वर्षात केळीच्या मळ्यातून घरची वाट चुकली.

तेव्हापासून ‘वयोमानानुसार’ हा शब्द माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मेंदूचा एमआरआय संगणकाकडून मोजून घेण्याचं तंत्र समजून घ्यायला मी बसलो, तो या एका शब्दापायी.

यंत्राचं काम थोडक्यात असं. दीड टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट ताकदीचं असतं. शरीरातल्या पाण्यामधले हायड्रोजनचे कण त्यानं एका दिशेला लागतात, रेडिओलहरींनी ते हलवले की उलट संकेत देतात आणि त्या संकेतांतून चित्र उभं राहतं. पॉल लाउटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना 2003 साली यासाठी नोबेल मिळालं. आत पडलेल्या माणसाला मात्र फक्त ठोकाठोक ऐकू येते. मावशीनं बाहेर आल्यावर विचारलं होतं, “आत काय पत्रे ठोकायलेत का?”

पूर्वी, आणि बहुतेक ठिकाणी आजही, ही चित्रं रेडिओलॉजिस्ट डोळ्यांनी वाचतात. अल्झायमरचा संशय असेल तर नजर जाते ती हिप्पोकॅम्पसकडे. आठवणी साठवण्याच्या कामातला हा भाग कानशिलाच्या आत दोन्ही बाजूंना असतो. ग्रीक नाव समुद्रघोड्यावरून पडलं. मला चित्रात तो वाकड्या हळकुंडासारखा दिसला. एका बाजूचा आकार जेमतेम तीन-साडेतीन घन सेंटिमीटर. निरोगी म्हातारपणात तो वर्षाला सुमारे 1.4 टक्के झिजतो, अल्झायमरमध्ये साडेचार टक्क्यांच्या वर. पहिल्या एक-दोन वर्षांतला हा फरक नुसत्या नजरेला पकडणं फार अवघड.

इथे सॉफ्टवेअर कामाला येतं. हजारो मेंदूंच्या चित्रांवर शिकवलेला प्रोग्राम आधी कवटी वेगळी काढतो, मग मेंदूचा एकेक भाग रंगवून अलग करतो, प्रत्येकाचं घनफळ मोजतो आणि त्याच वयाच्या निरोगी माणसांशी ताडून पाहतो. कवटीच्या आकाराचा हिशेबही धरतो. माणसाला तासन् तास लागणारं मोजमाप काही मिनिटांत होतं. पण त्याला पातळ काप लागतात, साधारण एक मिलिमीटरचे. आपल्याकडे रोजच्या तपासणीत पाच-पाच मिलिमीटरचे जाड काप घेऊन पेशंट मोकळा करण्याची पद्धत आहे. तशा फिल्मवरून घनफळाचं मोजमाप भरवशाचं होत नाही. मावशीची पहिली फिल्म तशीच होती. आपल्या माणसाला विस्मरणासाठी एमआरआयला नेणार असाल, तर ‘पातळ कापांचं थ्रीडी स्कॅन घेणार ना?’ एवढं डॉक्टरांना आधी विचारा.

दुसऱ्यांदा, दुसऱ्या शहरात, तसं स्कॅन झालं आणि आकड्यांचा रिपोर्ट आला. त्यात वय 70 होतं. आधार कार्डावर मावशीची जन्मतारीख 1 जानेवारी 1955 आहे. तारीख ठाऊक नसलेल्या कितीतरी म्हाताऱ्यांची अशीच 1 जानेवारी लिहिलेली असते. पण आजी सांगायची, ही रझाकाराच्या धामधुमीत झाली, ओलं बाळ कडेवर घेऊन पैनगंगेपलीकडे उमरखेडच्या बाजूला पळालो. म्हणजे जन्म निजामाच्या राजवटीच्या शेवटच्या वर्षाचा, 1948 चा. सात वर्षांचा फरक. निरोगी माणसाचा हिप्पोकॅम्पससुद्धा सात वर्षांत जवळपास दहा टक्के कमी होतो. चुकीचं वय घातलं की यंत्र निमूटपणे चुकीच्या माणसांशी तुलना करतं.

आणि ती माणसं तरी कोण? अल्झायमरच्या संशोधनात सर्वांत जास्त वापरला गेलेला चित्रसंग्रह 2004 साली अमेरिकेत सुरू झाला. त्यातले लोक बहुतांश गोरे, कॉलेज शिकलेले. शाळेची पायरी न चढलेल्या, जन्मभर निंदणी-खुरपणी केलेल्या बाईचा मेंदू त्यांच्या पट्टीनं मोजायचा का? हैदराबादच्या आयआयआयटीनं 2019 मध्ये शंभर भारतीयांच्या स्कॅनवरून मेंदूचा नकाशा तयार केला, तेव्हा आपले मेंदू उंची, रुंदी आणि घनफळात पाश्चात्त्यांपेक्षा सरासरीनं लहान आढळले. पण तो नकाशा तरुणांचा. म्हाताऱ्यांसाठी मला जास्त आशा वाटते ती कर्नाटकातल्या श्रीनिवासपुरा तालुक्यातून. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च तिथल्या खेड्यांतले 45 वर्षांवरचे दहा हजार लोक वर्षानुवर्षं तपासत राहण्याच्या कामाला लागलं आहे. एमआरआय त्याचा भाग आहे. असं काम मराठवाड्यात झालं पाहिजे. नांदेडला सरकारी मेडिकल कॉलेज 1988 पासून आहे, हिंगोलीलाही आता झालं आहे. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाखांना स्मृतिभ्रंश आहे. प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत जास्त, पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. मोजपट्टी मात्र त्यांच्यापासून सर्वांत लांब.

यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पार्किन्सनमध्ये साधा एमआरआय बहुधा नॉर्मलच दिसतो. मेंदूच्या मुळाशी पाकोळीच्या शेपटीसारखी एक खूण असते, ती पुसट झाली का हे पाहायला खास स्कॅन लागतं. बी-12 ची कमतरता आणि थायरॉईड रक्तातच कळतात, आणि विस्मरण त्यांनीही होतं. पडल्यावर कवटीखाली साचलेलं रक्त एमआरआयमध्ये दिसतं, ते काढता येतं आणि माणूस भानावर येतो. म्हणून ‘वय झालं’ म्हणून घरी बसवण्याआधी हे सगळं पाहायचं असतं.

मावशीचं वय दुरुस्त करून रिपोर्ट पुन्हा काढला. डावा हिप्पोकॅम्पस तरीही कमीच भरला. नांदेडच्या डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, “घरी सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात आलं?” मावशीच्या सुनेनं, माझ्या वहिनीनं, पिशवीतून शाळेची वही काढली. मुलाच्या गणिताच्या वहीची मागची पानं. डॉक्टर ती पंधरा मिनिटं वाचत होते, मधेमधे पेन्सिलीनं खुणा करत. पहिली नोंद पहिल्या एमआरआयच्याही चार महिने आधीची होती: ‘पोळ्याच्या दिवशी आत्याबाईंनी पुरणात दोनदा गूळ घातला. सांगितलं तर रडल्या.’