फोटोच्या पाठीवरचा बहमन

अंबाजोगाईतला एक वाडा पाडताना माळ्यावर पत्र्याची पेटी निघाली. आत चाळीसेक फोटो. वाडा तीनदा विकला गेलेला, त्यामुळे हे चेहरे कोणाचे ते नव्या मालकांना ठाऊक नव्हते. नदीत सोडण्याऐवजी त्यांनी पेटी मला दिली. फोटोंचे वारस शोधायचा नाद मला तेव्हा लागला आणि पहिल्याच फोटोत मी तोंडघशी पडलो.

फेटा बांधलेला तरुण खुर्चीत बसलेला, शेजारी नऊवारीतली, मुलगीच म्हणावी अशी बायको. पुठ्ठ्यामागे उर्दूत 'मोमिनाबाद', पुढे एक शब्द आणि १३४६ हा आकडा. मोमिनाबाद हे अंबाजोगाईचे निजामकाळातले नाव. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि कचेरीचे लिहिणे उर्दूत चाले. मधला शब्द आम्ही 'बम्हन' वाचला. १३४६ हे हिजरी सन धरले, म्हणजे १९२७-२८. त्या सुमारास वाड्यात भाड्याने राहिलेले एक ब्राह्मण कुटुंब शोधून काढले. "पणजोबाच हे!" म्हणत त्यांनी फोटोला फ्रेम केली, हार घातला.

दोन वर्षांनी जमिनीचा एक निजामी कागद पाहताना तोच शब्द पुन्हा भेटला. तो 'बम्हन' नव्हता, 'बहमन' होता. हा महिना! संस्थानचा सरकारी कारभार फसली सनाने चाले. त्याचे महिने इराणी: आजूर, दय, बहमन असे, वर्षाचा आरंभ ऑक्टोबरात. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येते. म्हणजे फोटो १९३६-३७ च्या हिवाळ्यातला. नऊ वर्षांची चूक, आणि जातही आम्हीच चिकटवलेली. हार काढून फोटो परत मागायला जाणे किती जड गेले, ते सांगत नाही.

आता १९३६ चे भाडेकरू शोधायचे होते. वाड्याच्या मोडी खातेवहीत केज तालुक्यातल्या एका गावचा कारकून सापडला. (२०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना भाव आला; तेव्हा मात्र एक वाचक गाठायला मला महिना लागला होता.) गाव आणि आडनाव एवढ्यावर नाशिकच्या तीर्थोपाध्यायांनी वही काढून दिली. या वह्यांत गावोगावच्या घराण्यांच्या नोंदी असतात: कोण आले, वडील, आजे, भाऊ, मुलगे, खाली सही. शके १८६३, म्हणजे १९४१ साली कारकून अस्थी घेऊन रामकुंडावर आला होता. भावांची नावे होती. ज्या बाईच्या अस्थी, तिच्याबद्दल फक्त 'कुटुंब वारले'. वंशावळ पुरुषांच्या नावांवर चालते. फोटोतली बाई शोधायला वहीबाहेरच यावे लागते.

भावाच्या वंशजांनी सांगितले, कारकुनाने पुढे दुसरे लग्न केले. पहिलीची एक मुलगी बीडला दिली होती, ती आहे अजून.

पंच्याऐंशीच्या आजी. आई गेली तेव्हा तीन वर्षांच्या. वडिलांना त्यांनी लगेच ओळखले. मग बोट बाईवर थांबले. "ही माजी माय, का धाकटी?" दुसरे लग्न १९४१ नंतरचे, फोटो त्याच्या चार वर्षे आधीचा. मी म्हणालो, "आजी, ही तुमची आईच."

बराच वेळ त्या पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "लई ल्हान हाय की रं ही."

मी नाव विचारले. फोटो उलटा करून बहमनच्या खाली पेन्सिलीने लिहिले. शाई मागून पुढे उतरते.