सावंतवाडी: चितार आळीपासून दरबार हॉलपर्यंत

सावंतवाडीच्या चितार आळीत पाऊल टाकलं की आधी नजर जाते ती फळांकडे. आंबे, केळी, सीताफळं, मिरच्यांचे घोस, देठासकट वांगी. सगळी लाकडाची, आणि बहुतेक खऱ्या फळाच्या मापाची. वांग्याचा जांभळा रंग देठाकडे किंचित फिका होत जातो, केळ्याच्या टोकाला नेमका तेवढाच काळा ठिपका पडतो. हे काम साच्यातून निघत नाही. फळाला आकार येतो तो कातकामावर, पण त्याला खरेपणा देतो तो कुंचला. शेजारी भातुकलीचे संच, पांगुळगाडे, भोवरे, पाट आणि चौरंग मांडलेले असतात. कोकणातच नव्हे, मुंबई-पुण्याच्या कितीतरी घरांत रुखवतात किंवा दिवाणखान्याच्या कपाटात सावंतवाडीची एखादी परडी असायचीच.

आळीचं नाव चितारी कारागिरांवरून पडलं. सावंत-भोसले संस्थानच्या आश्रयाने ही कला इथे रुजली. हलकं, मऊ, कातायला सोपं म्हणून पांगाऱ्याचं लाकूड वापरायचं, वर रंग आणि लाखेची झळाळी चढवायची, ही जुनी रीत. पुढे पांगारा मिळेनासा झाला. आंब्याचं लाकूड आलं, मग प्लायवुड आणि एमडीएफही आलं. त्यातच प्लास्टिकच्या स्वस्त खेळण्यांनी बाजार भरला. कोकण रेल्वेचं सावंतवाडी रोड स्थानक गावापासून काही किलोमीटरवर मळगावला झालं, आणि झाराप-पत्रादेवी बाह्यवळणामुळे गोव्याला जाणाऱ्या गाड्या गावात न शिरताच पुढे निघू लागल्या. वाटेत थांबून खेळणी घेणारं गिऱ्हाईक असं परस्पर निघून गेलं. कारागिराच्या हातात काही कमी नव्हतं, त्याच्या दारावरून जाणारा रस्ता बदलला होता.

याच गावात दुसऱ्या एका कलेने मात्र मरणाच्या दारातून परत येऊन दाखवलं. ती म्हणजे गंजिफा.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. खेळ इराणकडून आला. बाबराने 1527 मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मुघल गंजिफात 96 पत्ते आणि आठ रंग असतात. आपल्याकडे त्याचं दशावतारी रूप तयार झालं: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दहा असे बारा, एकूण 120 पत्ते. तिघांत वाटले की प्रत्येकी 40. निम्म्या रंगांत दहा मोठा, उरलेल्यांत एक्का मोठा, त्यामुळे खेळणाऱ्याला सतत सावध राहावं लागतं. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे त्याने उतारी करायची, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याने. इतकं सगळं तळहातावर मावणाऱ्या चकतीत बसवलेलं आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यावर हे पत्ते करणारे हात जवळपास संपले होते. वयोवृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून संस्थानच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी स्वतः शिकले. कारागिराकडून राजघराण्याने धडे घ्यावेत, ही गोष्ट आजही मनाला भिडते. पुढे राजवाड्यातच ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ उभं राहिलं आणि दरबार हॉलमध्ये चितारी मांडी घालून काम करू लागले. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप देऊन घोटायचं, गोल कापायचं, मग अगदी बारीक कुंचल्याने मत्स्य-कूर्मापासून कल्कीपर्यंत एकेक आकृती उतरवायची. पाठीला लाखेचा मुलामा. हे पाहुण्यांच्या समोर चालतं, आणि काम करताना पाहिलं की किमतीची घासाघीस आपोआप थांबते.

नातवाच्या पिढीने, लखमराजे आणि श्रद्धाराजे भोसले यांनी, राजवाड्याच्या आवारात छोटेखानी हॉटेल सुरू केलं. तिथल्या सजावटीचा धागा गंजिफाच आहे. गंजिफाची चित्रं आता पेट्या, तबकं, कोस्टर अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंवरही आली आहेत. हा खरा डिझाइनचा विचार आहे: खेळणारे कमी झाले तरी चित्राला नवी जागा मिळाली, आणि वस्तूबरोबर तिची गोष्टही विकली जाऊ लागली. तरीही प्रत्येक पेटीत खेळाचे नियम सोप्या मराठीत छापून घालायला हवेत. गंजिफा मांडून ठेवण्यापुरती उरली, तर तिचा निम्मा जीव गेला.

2024 मध्ये सावंतवाडीची गंजिफा आणि लाकडी वस्तू या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. खेळण्यांसाठी त्याचा थेट फायदा आहे. 2021 पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणपत्राची सक्ती आली, पण मानांकनाच्या नोंदणीकृत वापरकर्त्यांना तिच्यातून सूट आहे. यासाठी आळीतल्या एकेका कारागिराची नोंदणी व्हायला हवी, नाहीतर मानांकन कागदावर राहतं आणि बाहेरून आलेला यंत्राचा माल त्याच फळीवर ‘सावंतवाडीचा’ म्हणून खपतो. गंजिफाच्या मागे राजवाडा उभा राहिला. लाकडी आंब्याला अजून धड पेटी नाही, त्यावर करणाऱ्याचं नाव नाही, कुठलं लाकूड ते लिहिलेलं नाही. चितार आळीने एकत्र येऊन एक साधं, देखणं लेबल ठरवलं तर सुरुवात तिथूनच होईल.

आणि लाकडाचं काय? पांगारा हट्टी झाड नाही. त्याची फांदी कुंपणाला रोवली तरी रुजते, आणि मिरीचे वेल चढवायला बागायतदारांनाही तो हवा असतो. सिंधुदुर्गातल्या बागांच्या बांधावर पुन्हा पांगारा लावणं हे या उद्योगाच्या जाहिरातीइतकंच तातडीचं काम आहे, आणि ते पुढच्या पावसाळ्यातच सुरू करता येईल.