वसतिगृहाचा पाया आणि पाड्याची विहीर



नवापूर तालुक्यातील मुलींच्या वसतिगृहासाठी आपण वर्षभर आनंदाने दाने पाठवत आहात. मंडळ्यांना भेटी देताना मला एकच प्रश्न विचारला जातो : "पैसे जमत आहेत, जागा आहे, मग बांधकाम का सुरू होत नाही?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर जमिनीखाली आहे, म्हणून या अंकात जमिनीबद्दलच लिहितो.

आपली जागा उताराची आहे. रस्त्यालगतचा खालचा भाग सपाट, वरचा खडकाळ. साहजिकच सर्वांची पसंती सपाट भागाला होती. अभियंत्यांच्या सल्ल्याने आम्ही मे महिन्यात दोन्ही भागांत चाचणी खड्डे खणले. ते बुजवताना त्यांत भोके पाडलेले पाइप उभे केले आणि पावसाळाभर पाइपमधील पाण्याची पातळी मोजली.

खालच्या भागात पुरुषभर खोलीपर्यंत काळी माती लागली. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. प्रयोगशाळेत हे साध्या रीतीने तपासतात. वाळवून चाळलेली १० ग्रॅम माती एका नळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये ती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतील फरकावरून मातीचा स्वभाव कळतो. आपल्या मातीतला फरक नुसत्या डोळ्यांना दिसत होता.

आपली इमारत एकमजली, म्हणजे हलकी. फुगणाऱ्या मातीला दाबून धरण्याइतके वजन तिच्यात नसते. भिंतींच्या कडेची माती ओली-कोरडी होत राहते आणि मधली तशी होत नाही. त्यामुळे पाया एकसारखा वर-खाली न होता वाकडा हलतो आणि खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा जातात. अशा जमिनीवर बांधता येत नाही असे नाही. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने यासाठीच तळाशी फुगीर असलेल्या खांबांच्या पायाची पद्धत रूढ केली. पण त्याला यंत्रे आणि कुशल माणसे लागतात, खर्चही वाढतो.

वरच्या भागात फूटभर मातीखाली घट्ट मुरूम आणि त्याखाली खडक मिळाला. तिथे साधा पाया पुरेल.

आता पाण्याविषयी. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेल्या बेसाल्ट खडकाचा आहे. हा खडक स्वतः पाणी धरत नाही. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. धुळे-नंदुरबार भागात भिंतीसारख्या लांबच लांब अरुंद टेकड्या आपण पाहिल्या असतील. जमिनीच्या भेगांत घुसलेला लाव्हा तिथेच थिजून त्या तयार झाल्या. त्यांना डाइक म्हणतात. कुठे कुठे असा डाइक जमिनीखाली बांधासारखा उभा राहून भूजल अडवतो.

आपल्या जागेच्या खाली असाच एक डाइक आहे. उतारावरून झिरपलेले पाणी तिथे अडते, म्हणून श्रावणात खालच्या पाइपांत पाणी हातभर खोलीवर आले. पाड्यातल्या वयस्क बाया आम्हाला आधीपासून सांगत होत्या की ही जमीन पौषापर्यंत ओली असते. त्याच अडलेल्या पाण्यावर पाड्याची विहीर आहे. मे महिन्यात तळाला का होईना, पाणी असणारी त्यांची ती एकच विहीर.

वसतिगृह खाली बांधले असते तर शौचालयांचा शोषखड्डा याच पाण्यात बसला असता. भारतीय मानकानुसार शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर दूर हवा. परंतु हा हिशेब पाणी गाळून घेणाऱ्या मातीला धरून आहे. भेगाळलेल्या खडकातून घाण पाणी न गाळता दूरवर जाऊ शकते. आपल्या मुलींच्या सोयीसाठी पाड्यातल्या लेकरांना जुलाब, कावीळ व्हावी, ही सेवा कशी म्हणता येईल?

म्हणून समितीने ठरवले आहे की इमारत वरच्या भागात होईल. शोषखड्डा विहिरीकडे न उतरणाऱ्या अंगाला, सर्वांत उंच पाणीपातळीच्याही बराच वर राहील. विहिरीचे पाणी पावसाळ्याआधी व नंतर तपासले जाईल. खडक फोडणे आणि चढाचा रस्ता यांचा खर्च वाढेल, खास पायाचा वाचेल. खालच्या काळ्या जमिनीत मुलींसाठी तूर आणि भाजीपाला होईल. तिला तेच शोभते.

घर बांधणाऱ्या दोन माणसांचा दाखला आपण मत्तयाच्या शुभवर्तमानातून अनेकदा ऐकतो. लूकच्या ६व्या अध्यायात त्यात एक गोष्ट अधिक आहे : त्या माणसाने खडक लागेपर्यंत खोल खणले. खडक आयता दिसत नाही. खणायला वेळ लागतो, आणि या वर्षी आपली काही दाने त्या खणण्यातच गेली.

पावसाळा सरल्यावर पायाचे काम सुरू करण्याचा विचार आहे. वरच्या रस्त्यासाठी, तिथे काम करणाऱ्या मजुरांच्या सुरक्षिततेसाठी आणि पाड्याच्या विहिरीसाठी प्रार्थना करावी, ही विनंती.