चाकामागची कुत्री आणि पालिकेचे कर्तव्य

सातारा असो वा सांगली, पहाटे रस्त्यावर असतात ते सफाई कामगार, पेपर टाकणारी पोरे आणि पहिल्या पाळीला निघालेले मजूर. कुत्री धावतात ती त्यांच्याच चाकामागे. आता विजेवरच्या गाड्या आणि विजेचे बोर्डही आले. त्यांना आवाज नाही. कुत्रे दचकते आणि पाठीस लागते. अशा वेळी वेग वाढवू नका, लाथ मारू नका. सावकाश थांबा, उतरा, गाडी वा बोर्ड मध्ये धरा आणि हळूहळू मागे सरा.

चावलेच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवा. मांत्रिक नको, मिरची-चुना नको. रेबीजची लक्षणे दिसल्यावर माणूस सहसा वाचत नाही. म्हणून त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा, सर्व इंजेक्शने पूर्ण घ्या.

भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही 2023 च्या केंद्रीय नियमांनुसार स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे. ते उपकार नव्हेत. वस्तीतला कचरा दिवसेंदिवस पडून राहतो, तिथेच कुत्र्यांच्या टोळ्या जमतात. बांधवांनो, कुत्र्यावर दगड उचलण्याऐवजी पालिकेत लेखी अर्ज द्या. पहाटे राबणाऱ्याचा जीव स्वस्त आहे काय, हा जाब तिथेच विचारला पाहिजे!