घर भाड्याने देताना : अंगठा आपला, तर वाचणंही आपलंच

आपल्या कार्यक्रमात आज बोलायचंय घराबद्दल. म्हणजे आपण राहतो त्या घराबद्दल नव्हे, तर भाड्याने देण्यासाठी घेतलेल्या किंवा रिकाम्या पडलेल्या दुसऱ्या घराबद्दल. निवृत्तीचे पैसे आले, शेताचा मोबदला मिळाला, सासूबाईंची खोली रिकामी झाली की घरात पहिला विचार येतो तो हाच : "एखादा फ्लॅट घेऊन टाकू, भाडं येत राहील." विचार वाईट नाही. पण त्यामागे हिशोब हवा आणि कागद हवा. या दोन्ही गोष्टी बहुतेक घरांत पुरुषमंडळी बघतात आणि बाईला सहीपुरतं बोलावलं जातं. म्हणून आज आम्ही हे सावकाश, एकेक करून सांगणार आहोत. वही जवळ असेल तर घ्या.

आधी हिशोब. समजा ५० लाखांचा फ्लॅट आहे आणि भाडं महिना १५ हजार मिळतं. वर्षाचे झाले १ लाख ८० हजार. ऐकायला बरं वाटतं. पण एक भाडेकरू गेला आणि दुसरा यायला महिना लागला, तर १५ हजार गेले. सोसायटीचा मेंटेनन्स महिना २ हजार धरला तर वर्षाचे २४ हजार. घरपट्टी ८ हजार, नळ-रंग-गळती यांचे १० हजार धरा. हातात उरले १ लाख २३ हजार. म्हणजे ५० लाखांवर वर्षाला अडीच टक्केसुद्धा पडले नाहीत. बँकेतली मुदत ठेव याहून जास्त देते. घराची किंमत पुढे वाढेल, हे खरं असू शकतं. पण ती वाढ घर विकल्यावरच हातात येते. औषधाच्या बिलाला ती उपयोगी पडत नाही.

कर्ज काढून घेत असाल तर आणखी जपून. ४० लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षं मुदत, तर हप्ता बसतो सुमारे ३६ हजार. भाडं १५ हजार. उरलेले २१ हजार दरमहा कुठून येणार, याचं उत्तर वहीत लिहिता आलं तरच पुढे जा. "भाड्यातून हप्ता फिटेल" असं दलाल सांगतो, तेव्हा त्यालाच ही वजाबाकी करून दाखवायला सांगा. शिवाय घर रिकामं राहिलं तरी चालेल, असे सहा महिन्यांच्या हप्त्याचे पैसे बाजूला असू द्यावेत.

घर घेताना मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळी लागते, ती किमतीत धरायची राहू नये. इथे आपल्या फायद्याची एक गोष्ट आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून राहतं घर किंवा फ्लॅट फक्त स्त्रीच्या नावावर विकत घेतला तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ५० लाखांवर ५० हजार रुपये वाचतात. सोबत पतीचं किंवा मुलाचं नाव घातलं तर मात्र ही सवलत मिळत नाही.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेत असाल तर तो प्रकल्प महारेराकडे नोंदलेला आहे का, ते त्यांच्या संकेतस्थळावर पाहता येतं. रेरा कायद्याप्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. "आधी निम्मे द्या, करार नंतर करू" असं कुणी म्हणालं तर तिथून उठायचं. जुनं घर असेल तर मूळ कागद विकणाऱ्याच्या हातात आहेत की बँकेत गहाण आहेत, सोसायटीची थकबाकी आहे का, हे वकिलाकडून पाहून घ्यावं. त्याची फी जड वाटली तरी ती टाळू नका.

आता भाड्याने देण्याकडे येऊ. आम्हाला सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य असं : "अकराच महिन्यांचा करार आहे, नोंदणी कशाला?" मैत्रिणींनो, हे आपल्या राज्यात चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. मुदत अकरा महिन्यांची असो की पाच वर्षांची. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे, भाडेकरूवर नाही. नोंदणी नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वाद झाला तर घर कोणत्या अटींवर दिलं होतं याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं. उलट सिद्ध करायचं काम आपल्याकडे येतं. शंभराच्या स्टँपवर लिहून नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली असं नव्हे.

खर्चाची भीती असेल तर तोही सांगतो. लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. मुदतीतलं एकूण भाडं आणि परत करायच्या अनामत रकमेवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर ते लागतं. १५ हजार भाडं, अकरा महिने, ५० हजार अनामत, याला शुल्क येतं साधारण सव्वाचारशे रुपये. नोंदणी फी शहरी भागात १ हजार, ग्रामीण भागात ५००. आधार, फोटो आणि अंगठ्याचा ठसा देऊन ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइनही होते. एका महिन्याच्या भाड्याच्या मानाने हा खर्च फार नाही.

या कागदाचा उपयोग कळतो तो मुदत संपल्यावर. राहण्यासाठी दिलेल्या घराचा परवाना संपूनही समोरच्याने घर सोडलं नाही, तर याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि तिथून पुढच्या दिवसांसाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. म्हणून करारात सुरुवातीची आणि शेवटची तारीख, भाडं, अनामत, नोटिशीची मुदत, वीजबिल कोण भरणार, किती माणसं राहणार, हे सगळं स्पष्ट लिहून घ्या. मुदत संपली की नवा करार करा. "चालू द्या तसंच" म्हणायची सवय महागात पडते.

भाडं थकलं म्हणून पाणी तोडणं, वीज बंद करणं, कुलूप बदलणं मात्र कधीही करू नका. पाणी-विजेसारख्या आवश्यक सोयी तोडणं हा घरमालकाचा गुन्हा ठरतो. आपली बाजू खरी असली तरी अशाने ती आपल्याच हाताने कच्ची होते. नोटीस द्यावी, अर्ज करावा.

भाडेकरूची माहिती जवळच्या पोलीस ठाण्याला द्यावी. बऱ्याच शहरांत तसे आदेश असतात आणि ती ऑनलाइनही देता येते. सोसायटीलाही कराराची प्रत द्या. सोसायटी घर भाड्याने दिल्याबद्दल जे बिनभोगवटा शुल्क लावते, ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त असता कामा नये, असा राज्य शासनाचा २००१ चा आदेश आहे. बिलात आकडा मोठा दिसला तर लेखी विचारा.

किल्ली देण्याआधी घरातल्या वस्तूंची यादी करा, पंखे, गिझर, भिंती यांचे फोटो काढा, विजेच्या मीटरचा आकडा लिहा आणि दोघांच्या सह्या घ्या. अनामत बँकेतूनच घ्या आणि घर सोडताना यादी पाहून त्याच दिवशी परत करा. रोख भाडं घेतलं तर पावती द्या. वापराने उडालेला रंग ही मोडतोड नव्हे. त्याचे पैसे कापणं बरं नाही.

प्राप्तिकराचंही थोडं. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा करून जी रक्कम राहते, तिच्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीची पावती असो वा नसो. १ लाख ६५ हजार भाडं आलं आणि ८ हजार घरपट्टी भरली, तर उरलेल्या १ लाख ५७ हजारांतून ४७ हजार १०० वजा होतात. म्हणून भाडं लपवण्यापेक्षा दाखवलेलं बरं.

भाडेकरू निवडताना नोकरी-धंदा पाहा, आधीच्या घरमालकाला फोन करा. पण जात, धर्म विचारून किंवा "एकटी बाई नको" म्हणून दार लावू नका. नोकरीसाठी परगावी गेलेल्या आपल्याच मुली घरासाठी किती उंबरे झिजवतात, हे आपण जाणतो. वेळेवर भाडं देणारी एकटी शिक्षिका किंवा नर्स कुणालाही चालावी.

शेवटचं, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचं. सवलतीसाठी घर बाईच्या नावावर होतं, पण भाडं मुलाच्या खात्यात जातं, असं होऊ देऊ नका. घर आपल्या नावावर असेल तर करारात आपलं नाव, आपलं पॅन आणि आपलं बँक खातं असावं. कुलमुखत्यारपत्रावर सही मागितली तर त्यात विक्रीचा अधिकार लिहिला आहे का, हे आधी वाचून घ्या. घर दिवंगत पतीच्या नावावर असेल तर सोसायटीत वारस म्हणून आपलं नामनिर्देशन आहे एवढ्यावर थांबू नका; नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. वारसांचे कागद आधी पुरे करा, मग भाडेकरू शोधा.

नोंदणीच्या यंत्रावर अंगठा आपला लागतो. मग त्याआधी कागद वाचायला, न कळलेलं विचारायला आणि "उद्या सही करते" म्हणायला कुणी आपल्याला अडवू शकत नाही. आज रात्री जेवणं झाल्यावर घराचे कागद कपाटातून काढा आणि कुणाचं नाव कुठे आहे तेवढं पाहा. काही अडलं तर आम्हाला लिहा, पुढच्या भागात त्यावर बोलू.